हळू आवाजातलं ‘कावून’

११ जानेवारी
शुगरचं मशीन बोलतं, तेही हिंदीत. सकाळी सुभद्राच्या बोटाला सुई टोचली की आकडा सांगतं. प्रज्ञाने पुण्याहून पाठवलेली काळी डबी बोलते, गाणं लाव म्हटलं की लावते. टीव्ही तर बोलतोच. मिक्सरसुद्धा घरघरतो. या घरात न बोलणारी वस्तू एकच, ती मी.

सु. त्या डबीशी माझ्यापेक्षा जास्त बोलते. आज तिला विचारत होती, “आगं बाई, थंडी कवा जाणार हाय गं?” डबी म्हणाली, माफ करा, मला समजलं नाही. सु. हसली. मला राग आला. डबीवर काय रागवायचं, पण आला.

१४ जानेवारी
शेजारचे काका तिळगूळ घेऊन आले. माझ्या गळ्यावरच्या फडक्याकडे बघून म्हणाले, “तंबाखू लई वाईट ओ.” मी आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही. पण स्वरयंत्र काढलेला माणूस दिसला की लोकांचा निकाल तयार असतो. पाटी घेतली, पेन्सिल सापडेना. सापडेपर्यंत ते तिसऱ्या घरी. माझं प्रत्येक भांडण आता असंच, माणूस उठून गेल्यावर पाटीवर तयार होतं.

वर म्हणे गोड बोला.

१७ जानेवारी
सु.ला आता पाटी अजिबात दिसत नाही. माझं ऑपरेशन झालं तेव्हा दिसायची. वर्षभर संसार पाटीवर चालला, भांडणंसुद्धा. मग साखरेने तिच्या डोळ्यांचे पडदे खाल्ले. लेझर झालं, डोळ्यात इंजेक्शनं झाली. उजेड कळतो, दारात कोणी उभं आहे हे कळतं, अक्षर नाही.

म्हणून टिचक्या. तिच्या हातावर एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. भाकर वाढू? एक. प्रज्ञाचा फोन आलता? दोन. चालतं तसं सगळं.

पण टिचकीने उत्तर देता येतं, विचारता येत नाही. हे इतके दिवस माझ्या टाळक्यात आलं नव्हतं, आज आलं. कारण सु. दुपारी मागच्या दारात बसून रडते. बरेच दिवस झाले असावेत, मी आता बघितलं. आवाज करत नाही. माझी चाहूल लागली की पदराने तोंड पुसते आणि “चहा टाकू?” म्हणते. मी एक टिचकी मारतो. दुसरं काय मारू.

एकच शब्द विचारायचा आहे, आमच्याकडचा ‘का’. कावून. तेवढा विचारता येत नाही म्हणजे मी कसला नवरा, घरातला खांब झालो नुसता.

२३ जानेवारी
प्र.चा व्हिडिओ कॉल. पोरगी कानाच्या मशीनच्या कंपनीत इंजिनिअर आहे, डोक्यात सारखं काहीतरी चालू. म्हणते, “पप्पा, तुमचा आवाज परत आणते.” माझ्या जुन्या बोलण्याचे नमुने कॉम्प्युटरला ऐकवायचे. मग मी मोबाइलवर लिहीन ते माझ्याच आवाजात ऐकू येईल.

नमुने दीपक साउंडवाल्याकडे आहेत. केजच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो, जन्मभर गाड्या पुकारल्या. ते कोण रेकॉर्ड करतंय. पण सुट्टीला टेनिस बॉलच्या टुर्नामेंटची कॉमेंट्री करायचो. आमच्या युसूफ वडगावचीच नाही, आजूबाजूच्या गावांचे सगळे बोलवायचे. दीपक स्पीकर लावायचा आणि सगळं शूट करून चॅनलवर टाकायचा. कॅच सुटला की मी माइकवर म्हणायचो, “कावूऊऊन सोडला बे?” की सगळं मैदान माझ्यामागे, “कावूऊऊन.” बाजारातसुद्धा पोरं मला तशीच हाक मारायची. चांगलं वाटायचं, खोटं कशाला लिहू.

प्र.ने विचारलं, भुंगा वापरता का? दवाखान्यात दिलेलं यंत्र, दाढीच्या मशीनएवढं. गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं, तोंड हलवायचं. भुंग्यासारखा आवाज निघतो. एकदाच विहारात लावून जय भीम म्हणालो. पोरं खिदळली, त्यांच्या आयाही. त्या दिवसापासून कपाटात आहे. मी नाही म्हणून मान हलवली.

सु.ने फोन मागून घेतला. “पयल्यासारखा येतो का गं आवाज? अगदी पयल्यासारखा?” फोन कट झाल्यावरही कानाशी धरून बसली.

२ फेब्रुवारी
आला आवाज. प्र.ने लिंक पाठवली. पहिल्यांदा लिहिलं, सुभद्रा. बटण दाबलं. माझाच आवाज, शंभर टक्के. पण सुभद्रा असं म्हणाला की जणू ती बॅट घेऊन मैदानात उतरतेय.

मग लिहिलं, चहा दे. तो षटकार गेला, थेट बाभळीपलीकडे.

सु. हसत हसत खाटेवर बसली. “घरात मॅच लावली काय ओ?” मीही हसलो. माझ्या हसण्याला आता आवाज नाही, गळ्यातल्या भोकातून नुसता वारा येतो. दोघं हसलो हे लिहून ठेवतो, कारण दुपारी सगळी माती झाली.

दुपारी ती मागच्या दारात. गेलो. लिहिलं, कावून रडतीस? दाबलं. मोबाइल ओरडला, “कावूऊऊन रडतीस?” जसं काही सोपा कॅच सोडला तिने. भिंतीपलीकडून कोणीतरी सवयीने जबाब दिला, “कावूऊऊन.”

सु. उठली. “माझी टिंगल करायलाव?” दोन टिचक्या मारायला हात धरायला गेलो. तिने हात ओढून घेतला.

३ फेब्रुवारी
प्र.ला लिहून कळवलं. तिचं उत्तर: यंत्र ऐकतं तेवढंच शिकतं. तुमचे सगळे नमुने मैदानातले आहेत पप्पा. हळू बोललेलं काहीतरी पाठवा, अर्धा तास पुरे.

कुठून पाठवू? आवाजाचे मेसेज पाठवणाऱ्यांना मीच शिव्या द्यायचो, फोन लाव की सरळ म्हणून. लग्नाच्या कॅसेटमध्ये बँड वाजतोय. प्र.च्या वाढदिवसाच्या व्हिडिओत मी आहे, पण केकच्या मागे, तोंड मिटून. जन्मभर या घरात हळू बोललो, ते कुठेच नाही. मैदानात बोंबललो ते सगळं आहे, तारीखवार.

इंजिनिअरांचा राग येतोय. त्यांनी काय केलंय, काही नाही. तरी येतोय.

८ फेब्रुवारी
वडवणीला जाऊन आलो. सु.चे मामा गेले. ठरवून गेलतो की मोबाइल खिशातून काढायचा नाही. मामी माझा हात धरून रडायला लागल्या, “जावई, तुमच्यावर लई जीव होता त्यांचा.” सगळे माझ्याकडे बघतायत. काही न बोलता उभं राहणं जमेना. लिहिलं, मामा लई मोठ्या मनाचे होते. आवाज एकदम कमी करून दाबलं. कमी केला तरी तो कप वाटपाचाच. मॅन ऑफ द मॅच मामा. मागून कोणीतरी फस्सकन हसलं. मामींनी हात सोडला.

परतीच्या बसमध्ये सु. खिडकीकडे तोंड करून बसली. तिला दिसत नाही तरी खिडकीकडे. कंडक्टर जुना ओळखीचा. “साहेब, आवाज लई भारी आलाय की तुमचा. व्हिडिओ बघितला दीपकचा.” कसला व्हिडिओ? मी हातानेच विचारलं. त्याला वाटलं मी तिकीट मागतोय.

१५ फेब्रुवारी
जमेल तसं लिहितो.

संध्याकाळी सु. आणि मी ओट्यावर बसलो होतो. शाळेच्या मैदानावर टुर्नामेंट सुरू झाली, स्पीकरची खरखर ऐकू आली. आणि मग मी. माझा आवाज, मैदानातून. “नमस्कार मंडळी, स्वागत हाय तुमचं.” माझंच, शब्दाशब्दाला माझं.

सु.ची मान तिकडे वळली. तोंड इतकं उजळलं तिचं. म्हणाली, “ओ, तुमी तिकडं कवा गेलाव?”

मी शेजारी बसलेलो. तिच्या मांडीला माझी मांडी लागलेली.

हात धरून दाबला तिचा. ती दचकली, चाचपून बघितलं, माझं मनगट, घड्याळ. “मग त्यो कोण हाय?” याला एक टिचकी नाही, दोन नाही. कोण याला टिचकीत उत्तरच नाही. तिने पुन्हा विचारलं, “कोण बोलायलंय त्यो?” आणि तिकडे मी बोलतोच आहे, थांबायचं नाव नाही. “आपल्या सर्वांचे लाडके भाऊ यांच्याकडून पहिलं बक्षीस.”

लाडके. मी माइकवर पुढाऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. खेळणाऱ्याचं नाव घ्यायचं, त्याच्या गावाचं घ्यायचं, बस. बक्षीस देणारे रुसले तर रुसू द्या. त्यापायी दोन गावांनी बोलावणं बंद केलं, तरी नाही घेतलं. आणि आज माझ्या गळ्यात गळा नाही, तर माझ्या तोंडून लाडके.

गेलो मैदानावर. धावलो की भोकाला दम लागतो, फडकं ओलं झालं. दीपक टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलेला, टाइप करतोय, मी बोलतोय. मला बघून उठला, पायाबियाला हात. “काका, तुमच्याच आशीर्वादानं.” मी लॅपटॉप मिटायला गेलो, त्याने धरला. “रागावू नका काका. ताईनीच लिंक दिली न्हवं, आवाज जुळतो का बघ म्हणून. लई जुळतो. लोकं खूश हायेत. तुमी तर आता कवाच मरत न्हाई.”

पाटी घरी. मोबाइल काढला. लिहिलं, बंद कर हे, माझा आवाज आहे. दाबलं. टेबलावर माइक चालू होता, तो सगळीकडे गेला. त्याच आवाजात, त्याच जोशात. लोकांना वाटलं कॉमेंट्रीच चाललीय. टाळ्या पडल्या. मी पुन्हा लिहिलं, बंद कर बे. अजून टाळ्या, शिट्ट्या. मी रागाने जेवढं लिहावं तेवढी लोकांना मजा. शेवटी वायर उपटली. तेव्हा कुठे लोक चिडले, खेळ थांबला म्हणून.

दीपकने वायर परत लावली. मी घरी आलो. आल्यावरही ऐकू येत होतो.

१६ फेब्रुवारी
प्र.ला सकाळी लिहिलं, एकच ओळ. माझा आवाज तू त्याला दिलास. दुपारी उत्तर आलं, येते.

सु.ने आज डबीची पिन काढून ठेवली. विचारलं नाही, सांगितलं नाही.

२१ फेब्रुवारी
प्र. आली. भांडलो. ती तोंडाने, मी पाटीने. मी पुसून लिहीपर्यंत ती पुढे गेलेली असते, हे भांडण आहे का? पाटी आपटली. फुटली नाही, हल्ली प्लॅस्टिकच्या येतात.

तिचं म्हणणं: लिंक दिली ती चूक, कालच बंद केली. पण दीपकने शूटिंग जपून ठेवलं नसतं तर आवाज आणला कुठून असता? मी लिहिलं, नसता आणला तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “पप्पा, मी महिनाभर ऑफिसातून आल्यावर तुमचंच बोलणं ऐकत बसायचे, एकेक वाक्य कापत. त्यात एकदा तुमी मला हाक मारलीय, मॅच चालू असताना, प्रज्ञा पाणी आण म्हणून. ते मी मशीनला दिलं न्हाई. माझ्याजवळ ठेवलंय.”

राग गेला असं नाही. राग दीपकवर आहे, भाऊवर आहे, गळ्यातल्या त्या गाठीवर आहे. पोरीवर किती आहे ते आज सांगता येत नाही.

लिंक बंद झाली, पण दीपकने म्हणे बरंच आधीच काढून ठेवलंय. चौकार, षटकार, स्वागत, आभार, लाडके भाऊ. सगळे सुटे तुकडे. एप्रिलातल्या जयंतीच्या टुर्नामेंटला वाजवणार. बघू कसा वाजवतो.

२२ फेब्रुवारी
प्र.ने कपाटातून भुंगा काढला. मी पाठ फिरवली. तिने सेल बदलला, स्वतःच्या गळ्याला लावून दोन शब्द बोलून बघितले. सु. स्वयंपाकघरातून म्हणाली, “ते काय वाजलं गं?”

सु.ने तो कधी ऐकलाच नव्हता. विहारातल्या त्या दिवशी ती माहेरी होती, नंतर मी कुणाला दाखवला नाही. बायको आंधळी होत चालली आणि मी लाजेखातर यंत्र कपाटात ठेवून बसलो, असं प्र. म्हणाली नाही. पण बघितलं तसंच.

दिवसभर शिकवणी. हनुवटीखाली एक जागा आहे, तिथेच टेकवायचा. जागा चुकली की नुसती गुणगुण, शब्द नाही. ‘ह’ निघतच नाही, त्याला छातीतला वारा लागतो. आपल्याकडे तसाही तो अर्धा गिळतातच, म्हणून मी पाटीवर लिहिलं, चालेल. प्र. हसली. ‘क’चा मात्र ‘ग’ होतो. “पप्पा, क म्हणताना बटण किंचित उशिरा दाबायचं. आधी क सुटू द्यायचा, मग भुंगा.” हे बोटाला शिकवायला म्हणे लोकांना महिने लागतात. मोबाइलवाल्या आवाजावरही काम करते म्हणाली, हळू करता येतो का बघते. मी मान हलवली नाही, नको असंही केलं नाही.

२३ फेब्रुवारी
प्र. सकाळच्या गाडीने पुण्याला.

दुपारी सु. मागच्या दारात. कडब्याकडे तोंड. मी भुंगा घेऊन गेलो. शेजारी बसलो. हाताला घाम, जागा सापडेना, नुसताच गुणगुणला. ती म्हणाली, “ते पोरीचं मशीन हाय व्हय?” मी जागा शोधून म्हणालो, कावून?

निघालं, गाऊन.

सु. म्हणाली, “गाऊन? वाळत टाकलाय की दोरीवर. आता कशाला पाह्यजे तुमाला?”

इतका संताप आला की यंत्र अंगणात फेकणार होतो. महिनाभर एका शब्दासाठी मरतोय. यंत्राने आधी त्याची मॅच केली, आता झंपर-परकराच्या दोरीवर नेऊन टाकला. पुन्हा म्हणालो. गाऊन. तिसऱ्यांदा, गाऊन. सु. उठून दोरीकडे निघाली, चाचपत. मी तिचा हात धरून खाली बसवलं.

क सुटू द्यायचा, मग भुंगा. बोट थांबवलं. टाळूला जीभ लावून नुसता क सोडला, वारा नसलेला, टिचकीएवढा. मग दाबलं.

“कावून?”

सपाट निघालं. ना वर ना खाली, गिरणीच्या पट्ट्यासारखं. पण हळू.

तिने हात वर करून माझा गळा शोधला. फडकं, भोक, भुंगा, बटणावरचं माझं बोट. तोंडावरून हात फिरवला, ओठांपाशी थांबली. “परत म्हना.”

म्हणालो. ओठ हलले ते तिच्या बोटांना लागले.

“हां,” ती म्हणाली. “ह्ये तुमी.”

मग रडली, या वेळी आवाज करून. मी पुन्हा विचारलं, कावून, आणि त्याचं पुन्हा गाऊन झालं, पण आता तिला कळलं. नाक पुसलं. म्हणाली, “इचारायला इतके दिस लावले व्हय? मला वाटलं, ह्यांला ठाऊक हाय आन् इचारायचंच न्हाई.”

दोन टिचक्या मारल्या. मग आठवलं आता तोंड आहे, म्हणून म्हणालो, न्हाई. तेही नीट आलं नाही.

“सांगते,” ती म्हणाली. “पर तुमी मधी मधी इचारत ऱ्हावा. नुसतं टिचकी मारून ऐकाल तर न्हाई सांगनार.” आणि सांगायला सुरुवात केली, मामीच्या घरापासून कुठूनतरी लांबून, नेहमीसारखी. मी विचारलं, मग? तिने पुढचं सांगितलं. विचारलं, कोण? भुंगा मध्येच बारीक झाला. घरघरला. बंद.

ती थांबली. वाट बघितली. मी हात धरला तर म्हणाली, “न्हाई. इचारा.”

सेल चार्जिंगला लावलाय. लाल दिवा आहे. ती दारातच बसलीय, उठली नाही. मैदानावर उद्याच्या मॅचसाठी दीपक स्पीकर तपासतोय, मी हॅलो हॅलो म्हणतोय तिकडे. म्हणू दे आज. हिरवा दिवा लागला की जायचंय.